डाव्या हाताचा महिना

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



‘गेल्या महिन्याभरात रोजच्या जगण्यातून काय शिकलात, ते सांगा,’ असं निमंत्रण मला आलं, तेव्हा माझा उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता. म्हणजे विषय अगदी हाताशीच होता म्हणायचा. हे प्लास्टर परवा निघालं. मनगट अजून दारात अडकलेल्या कडीसारखं करकरतं आहे, पण चहाचा कप उचलता येतो.

पडलो कसा, ते आधी सांगतो, कारण त्यात दोष सर्वस्वी माझा आहे. मी कविता लिहितो आणि पोटासाठी मुद्रितशोधन करतो. पंचवीसेक वर्षं प्रुफं तपासून माझ्या डोळ्यांना खोड लागली आहे. रस्त्यानं चालतानाही मी दुकानांच्या पाट्या तपासत असतो. धरमपेठेत लक्ष्मीभुवन चौकाकडून गोकुळपेठ बाजाराकडे निघालो होतो. एका दुकानावर नवी कोरी पाटी दिसली, ‘आशिर्वाद’. शि ला पहिली वेलांटी. दुसरी हवी. वर बघून मी हळहळलो आणि खाली त्याच दुकानाची पायरी चुकलो. पडताना माणूस हात पुढे करतो, तसा केला आणि मनगटाजवळचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, हात पुढे केला नसता तर तोंड फुटलं असतं. हाताला प्लास्टर घालून परतताना पाहिलं, पाटी तशीच होती. अजूनही आहे. आता मी समोरच्या बाजूनं जातो.

पहिला आठवडा लाजण्यात गेला. माझी पत्नी सकाळच्या शाळेत शिकवते, सातला घर सोडते. ती जाताना सदऱ्याच्या गुंड्या लावून द्यायची. दुपारी एखादी सुटली की ती संध्याकाळपर्यंत सुटलेलीच. शेजारी सांगायला संकोच वाटे. पंचावन्नाव्या वर्षी ‘जरा गुंडी लावून देता का’ म्हणणं काही सोपं नाही. तो संकोच मोडला गोकुळपेठेतल्या एका संत्रेवालीनं. मृग बहाराची संत्री बाजारात आली होती. मी सवयीनं मोसंबीकडे हात केला, तर ती म्हणाली, ‘मोसंबी नका घेऊ भाऊ, तुमच्यानं एका हातानं सोलल्या नाही जात. त्याले चाकू लागते. संत्र घ्या, मी सोलून देतो.’ आणि विचारण्याची वाट न बघता तिनं संत्रं सोललं, फोडी मोकळ्या केल्या, माझ्या डाव्या तळहातावर ठेवल्या. मी बाजारात उभ्यानं संत्रं खाल्लं. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, हे जन्मभर ऐकत आलो. त्या सैलपणाचा उपयोग त्या दिवशी कळला. त्यानंतर मी गुंडीसाठी कोणालाही हाक मारू लागलो.

कविता मात्र अडून राहिली. डाव्या हातानं लिहून पाहिलं तर अक्षर पहिलीतल्या पोरासारखं. दुसऱ्या दिवशी ते मलाच लागेना. मग शेजारची आठवीतली मुलगी लेखनिक म्हणून मिळाली. मी सांगायचो, ती लिहायची. सांगताना मी ‘स्वल्पविराम’ म्हणालो, तर तिनं कवितेच्या ओळीत ‘स्वल्पविराम’ हा शब्दच लिहिला. तो तसाच छापला गेला असता, तर एखाद्या समीक्षकानं त्याचाही अर्थ लावला असता. असो. खरी फजिती पुढेच झाली. मी म्हणालो, ‘आता वाचून दाखव.’ तिनं इतिहासाचा धडा वाचावा तशी एका सुरात कविता वाचली. तिनं टीका काहीच केली नाही, नुसती वाचली. त्या सपाट आवाजात अकरा ओळींपैकी चार ओळी अशा पडल्या, की मला तिथल्या तिथे त्या खोडायला सांगाव्या लागल्या. मी स्वतः वाचताना त्याच ओळींना आवाज चढवून वर्षानुवर्षं वाचवत असतो! ‘काका, या का खोडल्या? चांगल्या होत्या,’ एवढंच ती म्हणाली. लेखनाचा मोबदला म्हणून तिनं गणिताच्या वहीला कव्हर घालून मागितलं. मी लगेच हो म्हटलं. एका हातानं कव्हर घालता येत नाही, हे आम्हा दोघांच्याही लक्षात नंतर आलं.

आता बँकेची गोष्ट. तिच्यासाठी खरं तर हे सगळं.

माझी आई, अम्मी, कामठीला धाकट्या भावाकडे असते. ऐंशी ओलांडली आहे. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता आणि शस्त्रक्रियेची तारीख ठरली होती. त्यासाठी मी एक मुदत ठेव मोडायचं ठरवलं. अर्ज भरला आणि डाव्या हातानं सही केली. काउंटरवरचा तरुण अधिकारी सही निरखून म्हणाला, ‘काका, जुळत नाही.’ कशी जुळणार? माझी सही मराठीत, शेवटच्या अक्षराला लांब शेपटी. कॉलेजात बी.ए. करताना वह्यांच्या मागच्या पानांवर घोटून घोटून बसवलेली. तो म्हणाला, ‘अंगठा द्यावा लागेल.’

नियम सरळ आहे. आजारी किंवा हात न चालणाऱ्या ग्राहकाचा अंगठा बँकेला चालतो. बँकेच्या ओळखीतल्या दोघांनी तो माणूस ओळखायचा, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. अधिकारी तयार होता. दुसरा कोण? मी बाहेर जाऊन चहावाल्याला घेऊन आलो. त्याचं खातं त्याच शाखेत आहे. अधिकाऱ्यानं विचारलं, ‘यांना ओळखता?’ तो म्हणाला, ‘ओळखतो ना. कवी हायेत. पण चहाचे पैसे देतात.’ मग त्यानं जीभ दातांत धरून, एकेक अक्षर जोडत सही केली. मी म्हणजे मीच, अशी साक्ष त्या सहीनं पडली.

जांभळ्या शाईच्या पॅडवर अंगठा दाबला, कागदावर टेकवला, उचलला. आणि नकळत तो डोक्याकडे नेऊन केसांना पुसला. पुसल्यावर थबकलो. ही लकब माझी नव्हती. ही अम्मीची.

अम्मी कामठीत विड्या वळायची. रात्री तेंदूची पानं पाण्यात भिजवून ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवायची. सकाळी पत्र्याचा साचा पानावर ठेवून कात्रीनं पानं कापायची. सुपात तंबाखू, मांडीवर सूप, शेजारी रेडिओ. पानात चिमूट घालायची, वळायची, टोक दुमडायचं, दोरा बांधायचा. पंचवीसची एक जुडी. हजार झाल्या की कारखान्यात द्यायच्या, तिथे मुकादम छाट काढून बाजूला टाकायचा. छाटीतल्या विड्यांचे पैसे नाहीत. अब्बा मी तिसरीत असताना गेले, त्यानंतर आमचं घर या हजारावर चाललं. वळण्याचा सगळा जोर अंगठ्यावर. अंगठा पुढे इतका गुळगुळीत झाला, की अलीकडे रेशन दुकानातलं यंत्र तो ओळखेना. दहाही बोटं लावून पाहिली, शेवटी एका करंगळीवर काम भागलं.

माझी शाळा मराठी, कारण ती घराजवळ होती. यापलीकडे माझ्या मराठीचं दुसरं कारण नाही. 1980 च्या सुमाराची गोष्ट, मी पाचवीत होतो. प्रगतिपुस्तकावर पालकांची सही आणायची असे. इतरांच्या पुस्तकांवर निळ्या शाईतल्या झोकदार सह्या, माझ्यावर अम्मीचा अंगठा. तोही धड रेषा नसलेला, नुसता डाग. एक मुलगा हसला. पुढच्या वेळी मी प्रगतिपुस्तक घरी दाखवलंच नाही. अम्मीचं नाव देवनागरीत, वळणदार काढून स्वतःच सही केली. गुरुजींनी पाहिलं, काही बोलले नाहीत. दहावीपर्यंत मी तेच करत राहिलो.

हे मी कोणालाही सांगितलं नव्हतं. कवितेतही लिहिलं नाही. कवितेत आपण आपले बरे दिसणारे अपराध तेवढे लिहितो.

योगायोग असा, की त्याच आठवड्यात माझ्याकडे आलेल्या प्रुफांत ठशांचा इतिहास होता. 1858 साली बंगालमध्ये जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं रस्त्याचं सामान पुरवणाऱ्या राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या करारावर त्याच्या पंजाचा ठसा घेतला. त्याला पुढे करार नाकारता येऊ नये म्हणून. जगातलं पहिलं अंगुलिमुद्रा कार्यालय 1897 मध्ये कलकत्त्यात निघालं. ठशांची वर्गवारी लावण्याचं किचकट काम तिथल्या अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघांनी केलं, आणि ती पद्धत प्रसिद्ध झाली त्यांचे साहेब एडवर्ड हेन्री यांच्या नावानं. म्हणजे जो ठसा मी अडाणीपणाची खूण समजत होतो, तो सहीपेक्षा पक्का पुरावा म्हणून जगानं मानलेला. सही मी पाचवीत नक्कल केली होती. अंगठ्याची नक्कल मला जमली नसती.

शस्त्रक्रियेच्या दिवशी मेट्रोनं एलएडी चौकातून निघालो, सीताबर्डीला गाडी बदलली, ऑटोमोटिव्ह चौकातून ऑटोनं कामठी गाठली आणि अम्मीला घेऊन रुग्णालयात आलो. भाऊ ट्रक घेऊन रायपूरच्या वाटेवर होता. संमतीपत्र माझ्यासमोर आलं. तिथल्या ताईंनी माझं नाव वाचून विचारलं, ‘मराठी वाचता येतं ना?’ हा प्रश्न मला तसाही अधूनमधून विचारला जातो. म्हटलं, ‘येतं. यात शुद्धलेखनाच्या दोन चुका आहेत.’ त्यांना ते फारसं आवडलं नाही. मग अम्मीचा अंगठा घेतला. नातेवाइकाच्या रकान्यात मी प्लास्टर दाखवलं आणि माझाही अंगठा पुढे केला. ‘शिकलेले आहात ना?’ ताई म्हणाल्या. ‘बी.ए. आहे,’ मी म्हणालो. एका कागदावर दोन अंगठे. एक रेषांनी भरलेला, दुसरा नुसता जांभळा डाग. कितीतरी वेळ मी तो कागद त्यांच्या हाती दिला नाही.

बाकावर नंबराची वाट बघताना मी अम्मीला प्रगतिपुस्तकाचं सगळं सांगितलं. ती समोर बघत होती, म्हणजे तिला तेव्हा फारसं दिसत नव्हतंच. म्हणाली, ‘मेरे को मालूम था.’ मी विचारलं, कसं? ती म्हणाली, गुरुजी एकदा विडी कारखान्यापाशी भेटले होते, त्यांनी सांगितलं. म्हणाले, पोराचं अक्षर चांगलं आहे, त्याला मारू नका. मग तिनं विचारलं, ‘बँक ने पैसे पूरे दिए ना? व्याज नहीं काटा?’ मुदतीआधी ठेव मोडली की व्याज थोडं कमी मिळतं. मी सांगितलं, कापलं. त्यावर मात्र ती रागावली. पंधरा दिवस थांबला असतास तर काय बिघडलं असतं, डोळा कुठे पळून जात होता, वगैरे.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पट्टी काढली. डॉक्टरांनी बोटं दाखवून मोजायला सांगितली, ती तिनं बरोबर मोजली. मग तिनं माझा डावा हात ओढून डोळ्यांजवळ नेला, अंगठा उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, ‘नाखून में स्याही है अभी तक. ठीक से धोया नहीं तूने.’