ठरलेले काम आणि फिरलेले गिऱ्हाईक
(बंगळूर येथे मराठी भाषिक रेल्वे व टपाल कामगारांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



युनियनच्या सभेत महागाई भत्ता, पेन्शन आणि रिक्त जागा सोडून दुरुस्तीच्या दुकानावर व्याख्यान कशाला, असे काहींच्या मनात आले असेल. पण आपल्यातले कितीतरी फिटर, वायरमन, मेकॅनिक निवृत्त झाल्यावर हातातली कला घेऊन घरी बसत नाहीत. एक लहानसे शटर भाड्याने घेतात. कोणाचा मुलगा आय.टी.आय. करून मोटार वाइंडिंगला बसतो, कोणी एस. पी. रोडवरून सुटे भाग आणून मिक्सर आणि पंखे दुरुस्त करतो. आणि मग तक्रार एकच ऐकू येते. भाव ठरला, काम सुरू झाले आणि गिऱ्हाईक म्हणाले, "राहू द्या, आता नको."

सुरुवातीलाच एक इशारा. जे अजून नोकरीत आहेत त्यांनी स्वतःच्या नावावर असा धंदा करू नये. रेल्वेसाठी १९६६ चे आणि टपाल खात्यासह इतर केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी १९६४ चे वर्तणूक नियम आहेत. दोन्हींत नियम १५ याच बाबतीत आहे. पत्नी किंवा घरातले दुसरे कोणी धंदा करीत असेल तर त्याची माहिती खात्याला कळवावी लागते. पुष्कळांना हे ठाऊक नसते आणि मग आरोपपत्र हातात पडते. तेव्हा आजचे बोलणे निवृत्तांसाठी आणि तुमच्या मुलाबाळांसाठी आहे असे समजा.

आता मूळ मुद्दा. पाण्याच्या पंपाची मोटार जळून आली आहे. गिऱ्हाइकाने भाव विचारला, तुम्ही सांगितला, तो "करा" म्हणाला आणि गेला. तुम्ही जुनी कॉइल कापून काढली, स्टेटर साफ केला, इन्सुलेशन पेपर बसवला, नवी तांब्याची तार भरायला घेतली. दुसऱ्या दिवशी तो येऊन म्हणतो, "मेहुण्याने नवीन पंप दिला, माझी मोटार होती तशी परत द्या." होती तशी कुठून देणार? कापलेली कॉइल पुन्हा जोडली जात नाही. तार गेली, दिवस गेला, आणि त्या दिवशी आलेले दुसरे काम परत पाठवले ते वेगळेच. आपला माणूस इथे दोन चुकीच्या गोष्टींपैकी एक करतो. एक तर संकोचाने सगळे सोडून देतो, नाही तर रागाने मोटार अडकवून ठेवतो आणि दुप्पट पैसे मागतो.

कायदा काय म्हणतो ते पाहू. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे, आणि तो तोंडी करारालाही करारच मानतो. "करा" या शब्दाला किंमत आहे. एका पक्षाने करार मोडला तर दुसऱ्याला झालेले नुकसान मागता येते, हे कलम ७३. मात्र त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात एक अट आहे. नुकसान कमी करण्याचे जे उपाय तुमच्या हातात होते, तेही विचारात घेतले जातात. फ्रिजचा कॉम्प्रेसर तुम्ही आणला आणि गिऱ्हाईक फिरले. तो कॉम्प्रेसर दुकानदार परत घेत असेल, किंवा पुढच्या आठवड्यात दुसऱ्या फ्रिजला लागणार असेल, तर त्याची पूर्ण किंमत मागता येणार नाही. जाण्यायेण्याचा खर्च, खर्ची पडलेली मजुरी आणि भावात पडलेला फरक एवढेच मागा. न्यायाधीशासमोर उभे राहिल्यावर हाच हिशेब टिकतो.

काम पुरे झाल्यावर गिऱ्हाईक पैसे देत नसेल तर कलम १७० आपल्या बाजूला आहे. ज्याने वस्तूवर श्रम किंवा कौशल्य खर्च करून ठरलेले काम पूर्ण केले, त्याला मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू ताब्यात ठेवण्याचा हक्क आहे. कायद्यानेच दोन उदाहरणे दिली आहेत. जवाहिऱ्याने हिरा कापून पैलू पाडून दिला तर पैसे मिळेपर्यंत हिरा ठेवता येतो. शिंप्याने कोट शिवला, पण तयार होताच देईन आणि पैशांना तीन महिन्यांची सवलत देईन असे कबूल केले, तर कोट अडवता येत नाही. बंगळुरात पिढ्यान् पिढ्या शिलाई आणि रंगकाम करीत आलेल्या, घरात अजून आपल्या वळणाची मराठी बोलणाऱ्या भावसार मंडळींना हे दुसरे उदाहरण अगदी घरचे वाटेल. उधारी दिली की हक्क गेला, हे लक्षात ठेवा. तसेच वस्तू एकदा हातातून गेली की हा हक्कही गेला. "घेऊन जा, पैसे नंतर द्या" म्हणणारा दुकानदार भला माणूस असतो, पण मागाहून त्याच्या हातात काही उरत नाही.

या हक्काच्या मर्यादा मात्र अधिक नीट समजून घ्यायला हव्यात, कारण आपले लोक इथेच अडकतात. हा हक्क त्याच वस्तूपुरता आहे. गेल्या महिन्याच्या मिक्सरचे पैसे बाकी आहेत म्हणून या महिन्यात आलेला पंखा अडवता येत नाही. तो व्यापक हक्क कलम १७१ प्रमाणे बँका, अडते, धक्केवाले अशा मोजक्यांनाच आहे. दुसरे, ठेवण्याचा हक्क म्हणजे विकण्याचा हक्क नव्हे. तुमच्यातले जे मालधक्क्यावर काम करून आले आहेत त्यांना वाटेल, रेल्वे तर न उचललेला माल लिलावात काढते. बरोबर आहे, पण रेल्वेला ते अधिकार १९८९ च्या रेल्वे कायद्याने दिले आहेत. कलम ८३ भाड्याच्या बाकीसाठी आणि कलम ८४ न नेलेल्या मालासाठी. तुमच्या दुकानाला असा कोणताही कायदा नाही. मोटार विकलीत तर उलट तुम्हीच आरोपी व्हाल. आणि ताब्यात आहे तोवर तिची काळजी घेण्याची जबाबदारी तुमची. पावसात भिजली तर भरपाई तुम्ही द्यायची.

ठेवल्याचे भाडे मागता येते का? इथेही रेल्वेचे वारफेज डोळ्यांपुढे येते. इंग्लंडमध्ये हा प्रश्न एका जहाज दुरुस्त करणाऱ्याने थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत नेला होता. मालकाने दुरुस्तीचे पैसे दिले नाहीत म्हणून त्याने जहाज गोदीत अडवून ठेवले आणि दिवसाला २१ पौंड गोदीभाडे लावले. १८६० साली निकाल लागला की अडवून ठेवलेस ते स्वतःच्या फायद्यासाठी, त्याचे भाडे मिळणार नाही. भाडे हवे असेल तर ते आधी पावतीवर लिहिलेले असले पाहिजे.

म्हणजे सगळे येऊन थांबते पावतीवर. मला याचेच नवल वाटते. संघटनेत हीच माणसे व्यवस्थापनाच्या तोंडी आश्वासनावर कधी विश्वास ठेवत नव्हती. जुन्या औद्योगिक विवाद कायद्याखाली समझोता झाला की तो फॉर्म एच वर लिहून, दोन्ही बाजूंच्या सह्या घेऊनच बाहेर पडायचे, हे शिकवलेले कार्यकर्ते स्वतःच्या दुकानात मात्र सिगारेटच्या पाकिटावर भाव लिहून देतात! पावतीवर चार गोष्टी हव्यात: वस्तूचे नाव आणि दोष, तपासणीचा आकार, दुरुस्तीचा ठरलेला भाव, आणि काम सुरू झाल्यावर गिऱ्हाईक फिरले तर काय द्यावे लागेल ते. खाली त्याची सही. तपासणीचा आकार मागायला लाजू नका. कन्फर्म तिकीट रद्द केले की रेल्वे पैसे कापते, त्यात कोणाला गैर वाटत नाही. मग उघडून दोष शोधणाऱ्या माणसाच्या तासाभराला किंमत नाही काय?

इसार घ्यावा. तार किंवा महागडा भाग विकत आणावा लागणार असेल तर त्याच्या किमतीइतका आगाऊ घ्यावाच. मात्र "फिरलास तर सगळा इसार बुडाला" असे लिहून भागत नाही. मौला बक्ष नावाचे एक ठेकेदार होते. १९४७ साली त्यांनी लष्कराला बटाटे, कोंबड्या, अंडी, मासे पुरवण्याचा ठेका घेतला आणि दोन करारांपोटी मिळून १८,५०० रुपये अनामत ठेवली. पुरवठा नीट झाला नाही, सरकारने अनामत जप्त केली. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली सांगितले की नुकसान मोजता येण्यासारखे असताना ते सिद्ध न करता अनामत गिळता येणार नाही. भारत सरकारला जे जमले नाही ते आपल्या शटरवाल्याला कसे जमेल? म्हणून इसारातून काय कापले त्याचा हिशेब लिहून द्या, उरलेले परत करा.

एक गोष्ट आपल्याविरुद्धही सांगितली पाहिजे. प्रत्येक फिरलेले गिऱ्हाईक लबाड नसते. "दोन-तीनशे होतील" म्हणून वस्तू उघडायची आणि नंतर नऊशे सांगायचे, मग तो नको म्हणाला तर शब्द त्याने मोडला की आपण? दोष वाढलेला दिसला की हात थांबवा, फोन करा, नवा भाव मान्य करून घ्या, मगच पुढे जा. आणि ग्राहक संरक्षण कायद्याचा दरवाजा त्याला उघडा आहे, आपल्याला नाही. तो आपल्यावर सेवेतल्या त्रुटीची तक्रार करू शकतो.

एवढे करूनही कोणी दाद देत नसेल तर आधी साधी लेखी नोटीस. १८९७ च्या सर्वसाधारण खंड कायद्याच्या कलम २७ प्रमाणे बरोबर पत्त्यावर, पुरते टपाल भरून रजिस्टरने पाठवलेले पत्र पोचले असे धरले जाते. २०२५ साली रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात सामावले गेले, तेव्हा खिडकीवर नोंदणी आणि पोच दोन्ही स्पष्ट मागून घ्या. समोर आपलाच भाऊ बसलेला असेल, तो समजावून देईल. अंडर सर्टिफिकेट ऑफ पोस्टिंगचा जमाना २०११ मध्ये संपला. नोटीस शक्यतो कन्नडमध्ये लिहा. गंमत अशी की गिऱ्हाइकाला इथेही गिराकीच म्हणतात, तेवढा शब्द तरी दोघांनाही समजतो.

नोटिशीनंतर लोक अदालत. खटला घालण्यापूर्वीही तिथे अर्ज देता येतो. तडजोड झाली तर तो निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा अमलात येतो आणि त्यावर अपील नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ खाली महिलांना, अनुसूचित जाती-जमातींना, औद्योगिक कामगारांना आणि ठरावीक उत्पन्नाच्या आतल्या लोकांना मोफत वकील मिळतो. चारशे रुपयांसाठी कोर्टात जा असे मी म्हणणार नाही. चार हजारांसाठी जरूर जा. केलेल्या कामाच्या पैशांसाठी मुदत ठरलेली नसेल तर काम झाल्यापासून तीन वर्षांची मुदत आहे. ती उलटली की दावा लागत नाही.

पावतीचा नमुना मी मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत तयार करून आणला आहे. दाराजवळच्या टेबलावर ठेवला आहे, ज्यांना हवा त्यांनी घ्यावा. रकमेची जागा कोरी आहे, ती आपापल्या कामाप्रमाणे भरावी. आणि ज्यांच्याकडे सध्या अशी एखादी मोटार किंवा फ्रिज अडकून पडला आहे, त्यांनी चहाच्या वेळी मला भेटावे. तारीख आणि ठरलेला भाव एवढे आठवून या.