कॅलेंडरवरचा ठिपका

(आकाशवाणीवर झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

आमच्या विट्यातल्या बहुतेक स्वयंपाकघरांत भिंतीवर कालनिर्णय असतं. त्यावर दुधाचे खाडे असतात, गॅसची टाकी कधी लावली ते असतं, भिशीची तारीख असते. आणि बारकाईनं पाहिलं, तर एखाद्या चौकोनाच्या कोपऱ्यात पेनानं काढलेला बारीक ठिपका असतो. त्याबद्दल घरातले पुरुष विचारत नाहीत आणि बायका सांगत नाहीत. आज मी त्या ठिपक्याबद्दल बोलणार आहे.

ओळखीतली एक सून दुपारच्या वेळी माझ्याकडं आली. वय सव्वीस. तिला विचारूनच हे सांगते आहे. नाव सांगणार नाही, आणि ओळख पटू नये म्हणून थोडं इकडचं तिकडं केलं आहे. तिच्या हातात डॉक्टरांची चिठ्ठी होती. चिठ्ठीवर तीन अक्षरं, एच. एस. जी. म्हणाली, "चाची, नळ्यांचा फोटो काढायला सांगितलाय. लई दुखतं म्हणत्यात. तुमचा झालाय न्हवं?"

माझा झाला होता, १९९७ साली. जानेवारी महिना, रमजान चालू होता. पहाटे सहेरी करून पहिल्या एस.टी.नं मिरजेला निघाले. रोजा असल्यामुळं औषधपाणी काही घ्यायचा प्रश्नच नव्हता, आणि तपासणीच्या आधी दुखण्याची गोळी घ्यायची असते, हेही कुणी सांगितलं नव्हतं. काय करणार आहेत, कुठून करणार आहेत, हेसुद्धा ठाऊक नव्हतं. एक्स-रे म्हणजे छातीचा काढतात तसा, श्वास रोखायचा आणि सोडायचा, एवढीच माझी कल्पना. गार टेबलावर पाय दुमडून झोपायला सांगितलं, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. कळ आली तेव्हा ओरडले, तर "हलू नका, फोटो बिघडेल" एवढंच ऐकू आलं. आता कळ येईल, मिनिटभरात ओसरेल, असं कुणी आधी म्हणालं असतं, तरी अर्धं दुखणं कमी झालं असतं.

येताना एक्स-रेचं ते मोठं पाकीट मांडीवर घेऊन बसले होते. कंडक्टरनं सहज विचारलं, "काय मोडलं, भाभी?" मी म्हणाले, "हात." दोन्ही हातांनी पाकीट घट्ट धरलेलं होतं, हे त्या भल्या माणसाच्या लक्षात आलं असणार; तो काही बोलला नाही. घरी आल्यावर सासूबाईंना सगळं सांगितलं, तर त्या रागावल्या. "आजाऱ्याला आणि मुसाफिराला रोजाची सूट आहे. तू तर दोन्ही होतीस. नंतर धरता आला असता." अगदी साधं बोलणं, पण आदल्या रात्री झालं असतं तर बरं झालं असतं.

मी बी.ए.ला मराठी साहित्य घेतलेलं. कविता लिहिणारी बाई. कूस, उदर, गर्भ हे शब्द माझ्या वहीत शेकड्यानं सापडतील. गर्भनलिका हा शब्द मात्र कधी आला नाही. ती कुठं असते, केवढी असते, हे मला त्या टेबलावरून उठल्यानंतर कळलं. र. धों. कर्वे १९२७ सालापासून 'समाजस्वास्थ्य'मधून मराठीत शरीराबद्दल स्पष्ट लिहीत होते, आणि सत्तर वर्षांनी माझ्यासारखी शिकलेली बाई कोरीच्या कोरी मिरजेला गेली होती!

त्या मुलीला मी ठिबकचं उदाहरण दिलं, कारण तिच्या माहेरी डाळिंबाची बाग आहे. गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंना एकेक नळी असते, साधारण दहा-बारा सेंटिमीटर लांबीची, आतून अगदी बारीक. स्त्रीबीज आणि पुरुषबीज यांची गाठ या नळीत पडते. सोळाव्या शतकात इटलीतल्या फॅलोपिओ नावाच्या शरीरशास्त्रज्ञानं तिचं नीट वर्णन केलं, म्हणून इंग्रजीत तिला त्याचं नाव आहे. टोकाला कर्ण्यासारखी पसरट, म्हणून त्यानं तिला तुतारीची उपमा दिली. ठिबकची नळी चोक झाली की आपण काय करतो? पाणी सोडतो आणि टोकाला येतं का बघतो. तसंच इथं. गर्भाशयाच्या तोंडातून बारीक नळी घालून औषध हळूहळू सोडतात. ते एक्स-रेत पांढरं दिसतं. नळीतून पुढं जाऊन पोटात सांडलं, की नळी उघडी. अडलं, तर कुठं अडलं ते दिसतं. प्रत्यक्ष काम बहुतेक वेळा दहा-पंधरा मिनिटांत उरकतं.

हे सगळं ऐकल्यावर मी तिला विचारलं, "आणि तुझ्या नवऱ्याची तपासणी?"

ती गप्प. त्यांची काय तपासायची, असा चेहरा.

माझा जीव इथं अडकतो. १९९७ साली माझ्या दोन्ही नळ्या उघड्या निघाल्या. घरात आनंद झाला, आणि आठवड्याभरात तो मावळला. मग अडलंय कुठं? पुढची दोन वर्षं मी पावडरी खाल्ल्या, तावीज बांधले, तीन डॉक्टर बदलले. आमच्या ह्यांची वीर्यतपासणी १९९९ साली झाली. छोटी बाटली, ना कळ, ना टेबल. दोष तिथं होता. आम्हाला मूल झालं नाही. त्याचं दुःख आम्ही दोघांनी आपापल्या परीनं पचवलं. पण ती दोन वर्षं मी एकटीनं गुन्हेगारासारखी काढली, ते अजून पचलेलं नाही. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांत पुरुषाकडचंही कारण असतं, हे आज कुठलाही डॉक्टर सांगेल. दोन ते सात दिवस संबंध टाळून नमुना द्यायचा, इतकी सोपी तपासणी. ती आधी व्हावी, निदान बरोबरीनं व्हावी.

आता या मुलीचा नवरा गलाई कामगार. आमच्या खानापूर तालुक्यातली घरंच्या घरं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरलेली आहेत, हे तुम्हाला माहीत आहे. हा तमिळनाडूत. दसऱ्याला पालखी शर्यतीच्या वेळी येतो, आणि उन्हाळ्यात लग्नसराईला. मी तिला कालनिर्णय काढायला लावलं. लग्नाला चार वर्षं झाली. दर वर्षी दोनदा, वीस-वीस दिवस. हिशेब एकशे साठ दिवसांवर आला. नियमित एकत्र राहून बारा महिने दिवस गेले नाहीत तर तपासण्या सुरू करा, असं शास्त्र सांगतं. बाई पस्तिशीच्या पुढं असेल तर सहा महिन्यांनी. या दोघांचे सहा महिनेही भरत नव्हते, आणि गल्लीनं हिला वांझ ठरवून टाकलं होतं. शिवाय नवरा दिवसभर भट्टीपुढं बसणारा. सतत धगीत काम करणाऱ्या पुरुषांत बीजाची संख्या कमी होऊ शकते, म्हणून डॉक्टर कामाचं स्वरूप मुद्दाम विचारतात. गलाईवाल्यांनी घाबरू नये. तपासून घ्यावं, एवढंच.

"मग फोटो नकोच काढायला?" असं तिनं विचारलं तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं. पण ती उठली नाही. पदराचं टोक पिळत बसली आणि मग म्हणाली, नववीत असताना मानेला गाठ आली होती, टीबीची. सहा महिने गोळ्या घेतल्या होत्या. लग्न ठरवताना माहेरच्यांनी ते सांगितलं नाही. डॉक्टरीणबाईंनी तिला एकटीला आत बोलावून विचारलं, तेव्हा तिनं सांगितलं होतं, आणि म्हणूनच त्यांनी फोटो लवकर काढायला सांगितला होता. आपल्या देशात नळ्या बंद होण्याचं टीबी हे एक मोठं कारण आहे. खोकला असावाच लागतो असं नाही. रोग गुपचूप तिथं जाऊन बसतो. आता फोटोच्या ठिकाणी अर्ज भरायचा होता, आणि बरोबर सासू येणार होती.

मी म्हणाले, "अर्जात खरं लिही. सासूला काय सांगायचं ते तू ठरव." दमा, आयोडीनच्या औषधाची ॲलर्जी, थायरॉइडचा त्रास, पूर्वीचं पोटाचं ऑपरेशन, अंगावरून घाण वास येणारं पाणी जाणं, हल्लीचा ताप, यातलं काहीही लपवायचं नसतं. आत जंतुसंसर्ग असेल तर औषधाबरोबर तो वर ढकलला जाऊ शकतो. मग आधी उपचार, नंतर फोटो.

तिनं चार दिवस घेतले. मग आक्कांना, म्हणजे सासूला, भाकरी थापता थापता सांगितलं. आक्का म्हणाल्या, "गोळ्या पुऱ्या केल्यास न्हवं? मग झालं. आमच्या सासऱ्यानं अर्ध्यात सोडल्या हुत्या." आणि परातीतलं पीठ सारखं करू लागल्या.

दसऱ्याला नवरा आला. आढेवेढे घेतले, एक दिवस जेवला नाही, पण नमुना दिला. रिपोर्ट ठीक आला.

मग ठिपक्याचं काम. पाळीचा पहिला दिवस म्हणजे ठिपका. तिथून मोजायचं. रक्तस्राव थांबल्यानंतर, साधारण सहाव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान हा फोटो काढतात; बीज सुटायच्या आधी. पाळी सुरू झाल्यापासून फोटो होईपर्यंत संबंध ठेवायचा नाही, कारण दिवस गेलेले असताना हा फोटो चालत नाही. जरा शंका असली, तरी आधी लघवीची तपासणी. नवरा सुट्टीवर आलेला असताना हे पथ्य पाळणं सोपं नसतं, हे मी तिला हसतच सांगितलं. तिनं नवऱ्यालाही कॅलेंडर दाखवलं. त्या घरात त्या ठिपक्याचा अर्थ एका पुरुषाला पहिल्यांदाच कळला असावा.

डॉक्टरांनी दिलेली दुखण्याची गोळी तासभर आधी. प्रतिजैविक दिलं असेल तर तेही सांगितल्याप्रमाणं. जाण्याआधी लघवी करून घ्यायची. सुटसुटीत कपडे, पिशवीत दोन पॅड, कारण एक-दोन दिवस थोडं रक्त किंवा चिकट पाणी जातं. नंतर ताप आला, पोटदुखी वाढत गेली, रक्त जास्त गेलं किंवा वास येऊ लागला, तर उद्यावर ढकलायचं नाही. आणि बरोबर कुणीतरी हवंच.

आम्ही तिघी गेलो. तिनं आत गेल्या गेल्या सांगितलं, "काय करताय ते बोलत बोलत करा." मी हे सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांपूर्वी म्हणू शकले नव्हते. तिथल्या बाई बोलत राहिल्या. कळ आली, पाळीत येते तशी, जरा जास्त. ती ओरडली नाही, असं नाही. ओरडली, आणि त्यांनी हात थांबवला.

उजवीकडं औषध पोटात सांडलेलं दिसलं. डावीकडं सुरुवातीलाच अडलं. आक्कांचा चेहरा उतरला. पण डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, कधी कधी कळ आल्यावर स्नायू आवळतो आणि उघडी नळीही बंद दिसते. फोटोतलं 'बंद' हा शेवटचा निकाल नव्हे. गरज पडली तर दुर्बिणीतून बघता येईल. एक नळी उघडी असली तरी दिवस जाऊ शकतात. दोन्ही बंद असलेल्या लेस्ली ब्राउन या इंग्लंडमधल्या बाईला १९७८ साली मुलगी झाली, जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी.

बायकांत एक बोलणं असतं, नळ्या धुतल्या की दिवस राहतात. मी ते हसण्यावारी नेत असे. पण नेदरलँड्समध्ये १,११९ बायकांचा अभ्यास झाला, तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. तेलासारखं औषध वापरलेल्यांत सहा महिन्यांत ३९.७ टक्के, तर पाण्यासारखं वापरलेल्यांत २९.१ टक्के बायकांना गर्भ राहून टिकला. म्हणजे त्या बोलण्यात अगदीच तथ्य नाही असं नाही. तरी हा फोटो तपासणीसाठीच असतो, आणि कोणतं औषध वापरायचं ते डॉक्टर ठरवतात.

येताना पाकीट आक्कांनी मांडीवर घेतलं. शेजारच्या बाईनं विचारलं, "कुणाला काय झालंय?" आक्का म्हणाल्या, "सुनंच्या नळ्यांचा फोटो हाय. एक उघडी हाय." सून खिडकीकडं तोंड करून हसत होती.

पुढच्या महिन्यात ती तमिळनाडूला गेली, नवऱ्याबरोबर राहायला. जाताना भिंतीवरचं कालनिर्णय काढून पिशवीत घातलं. आक्का आता दुधाचे खाडे माझ्याकडं विचारायला येतात.