मुरमाचा अंदाज : आधी माप, मग मागणी



शाळेचे अंगण असो वा पंचायत कार्यालयापुढील मोकळी जागा असो, पावसाळ्यात तेथे चिखल होऊ नये म्हणून मुरूम पसरला जातो. काम साधे दिसते. म्हणूनच त्याचा अंदाज बहुधा नजरेने केला जातो. 'दहा-बारा गाड्या पुरेत' असे कोणी म्हणतो आणि मागणी जाते. मग एक तर अर्धे अंगण उघडे राहते, नाही तर उरलेला ढीग पावसात वाहून गटार तुंबवितो. दोन्ही प्रसंगी गावाच्या पैशाची हानी होते आणि त्याहून अधिक गावाच्या विश्वासाची.

वास्तविक हा हिशेब शाळकरी मुलांनाही जमणारा आहे. लांबी, रुंदी आणि जाडी यांचा गुणाकार म्हणजे घनफळ. मुरूम व खडी यांचा व्यवहार ब्रासने होतो. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, अर्थात सुमारे २.८३ घनमीटर. मापे फुटांत घेतल्यास इंचातील जाडीला १२ ने भागण्यास विसरू नये.

समजा, अंगण ३० मीटर लांब व २० मीटर रुंद आहे. क्षेत्रफळ ६०० चौरस मीटर झाले. झाडांचे पार व फुलांचे वाफे यांचे ४० चौरस मीटर वजा करावेत, ५६० उरतात. दाबून झाल्यावर थर १० सेंटिमीटर हवा असेल, तर घनफळ ५६ घनमीटर, म्हणजे जवळजवळ २० ब्रास होते.

येथेच अनेकांची फसगत होते. गाडीतून येणारा मुरूम सैल असतो. पाणी मारून रोलर फिरविल्यावर तो साधारणतः पाचव्या हिश्शाने खाली बसतो. तेव्हा ५६ ला ०.८ ने भागावे. ७० घनमीटर, म्हणजे सुमारे २५ ब्रास लागतील. २० ब्रास मागविणाऱ्याच्या हाती आठच सेंटिमीटरचा थर येतो. मुरमाच्या जातीप्रमाणे हे प्रमाण बदलते. म्हणून प्रथम लहानशा तुकड्यावर प्रयोग करून पाहणे हितावह. जमीन उंचसखल असल्यास दोरी ताणून अनेक ठिकाणची खोली मोजावी व सरासरी घ्यावी.

माल उतरविण्यापूर्वी गाडीच्या हौद्याची आतील लांबी, रुंदी आणि भरावाची उंची मोजावी. मुरूम हे गौण खनिज असल्याने वाहतुकीचा परवाना पाहावा. प्रत्येक खेपेची नोंद त्याच दिवशी व्हावी.

अंगण मोजण्याचे काम शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावे आणि तो हिशेब पंचायतीने फलकावर लावावा. मुलांना घनफळाचा धडा मिळेल आणि ग्रामस्थांना आपला पैसा कोठे पसरला आहे, हे पायाखालीच दिसेल.