आधी शरीराला काय हवे ते ठरवू



 औषधनिर्माणशास्त्राच्या या अधिवेशनाच्या अध्यक्षपदावरून आज मी रॉबर्ट लँगर यांच्या कामाविषयी बोलणार आहे. करोनाच्या लशीमुळे ‘मॉडर्ना’चे एक संस्थापक म्हणून ते आपल्याकडे माहीत झाले. मला मात्र त्यांची पहिली वीस-बावीस वर्षे अधिक मोलाची वाटतात.

1974 मध्ये लँगर एमआयटीतून रसायन अभियांत्रिकीची डॉक्टरेट घेऊन बाहेर पडले. तेलाचे भाव भडकले होते आणि तेल कंपन्या अशा तरुणांच्या मागे होत्या. लँगर गेले बोस्टनच्या मुलांच्या रुग्णालयात, ज्युडा फोकमन या शल्यचिकित्सकाकडे. कर्करोगाच्या गाठीला वाढण्यासाठी नव्या रक्तवाहिन्या लागतात, त्या रोखल्या तर गाठही रोखता येईल, असे फोकमन मानत. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, तेव्हा त्यांना अटकाव करणारा पदार्थ तिच्यात असावा. कसाईखान्यातून हाडे आणायची, त्यांवरची कूर्चा खरवडायची आणि तो पदार्थ शोधायचा, हे काम लँगरकडे आले.

पण त्या पदार्थाची परीक्षा सशाच्या डोळ्यात व्हायची होती आणि तिथे तो पॉलिमरमधून अनेक दिवस थोडा थोडा सुटत राहायला हवा होता. प्रथिनाएवढे मोठे रेणू त्यातून बाहेर पडूच शकत नाहीत, असे जाणकारांचे मत होते. दोनशेहून अधिक रीती फसल्याचे लँगर यांनीच सांगितले आहे. अखेर जमलेली रीत अशी : पॉलिमर द्रावकात विरघळवायचे, त्यात प्रथिनाची कोरडी पूड घालायची, मिश्रण अतिथंड साच्यात ओतून गोठवायचे आणि मग द्रावक काढून टाकायचा. आत एकमेकींना जोडलेल्या वेड्यावाकड्या वाटा तयार होतात. त्यांतून रेणू शंभराहून अधिक दिवस झिरपतो. 1976 मध्ये हे संशोधन ‘नेचर’मध्ये आले, तरीही पुढे अनुदानासाठीचे त्यांचे पहिले नऊ अर्ज फेटाळले गेले.

मित्रहो, त्या काळापर्यंत शरीरात घालायचे पदार्थ बहुधा डॉक्टरांनी आसपासच्या वस्तूंतून उचललेले असत. डायलिसिसच्या पहिल्या यंत्रात सॉसेजचे वेष्टण होते. कृत्रिम हृदयासाठी अंतर्वस्त्रांतले ताणले जाणारे पॉलियुरेथेन घेतले, कारण ते पुन्हा पुन्हा वाकवले तरी टिकते. पण त्यावर रक्ताच्या गुठळ्या धरत. लँगर यांनी प्रश्न उलटा मांडला. शरीराला इथे नेमके काय हवे, ते आधी ठरवू आणि तसा पदार्थ रसायनशाळेत घडवू.

मेंदूच्या कर्करोगावरची त्यांची औषध भरलेली पॉलिमरची चकती याच प्रश्नातून आली. कार्मुस्टिन हे कर्करोगावरचे औषध शिरेतून दिले तर अस्थिमज्जा आणि फुप्फुसे होरपळतात. म्हणून जॉन्स हॉपकिन्सचे शल्यचिकित्सक हेन्री ब्रेम आणि लँगर यांनी गाठ काढल्यावर उरलेल्या पोकळीतच औषध ठेवायचे ठरवले. चकतीचा पदार्थ आतून ढासळला तर सगळा डोस एकदम बाहेर पडेल. तो साबणाच्या वडीसारखा फक्त वरून झिजायला हवा. पाण्याने चटकन तुटणारे बंध आणि पाण्याला आत शिरू न देणारी साखळी, असा पॉलिअॅनहायड्राइड त्यांनी निवडला. असे पॉलिमर बनवता येणार नाही, त्याची औषधाशी अभिक्रिया होईल, ते ठिसूळ असेल, विषारी ठरेल, असे आक्षेप अनुदानाच्या अर्जांचे परीक्षक घेत गेले आणि लँगर यांचे विद्यार्थी एकेक आक्षेप प्रयोगाने खोडत गेले.

1996 मध्ये चकतीला अमेरिकेत मान्यता मिळाली. पुन्हा उलटलेल्या गाठींच्या चाचणीत रुग्णांचे मध्यक आयुष्य 23 आठवड्यांवरून 31 आठवड्यांवर गेले. आठच आठवडे, असे कुणी म्हणेल. ज्या घरात असा रुग्ण आहे तिथे आठ आठवड्यांची किंमत वेगळी असते. औषध मेंदूच्या ऊतीत फार आत पोचत नाही, ही या चकतीची मर्यादाही खरी आहे. ती पुढच्या संशोधकाने हाती घ्यावी.

आपल्या एम.फार्म.च्या प्रबंधांकडे पाहा. एक जुने औषध, बाजारात मिळणारे एक पॉलिमर आणि औषध विरघळण्याचा (डिसोल्युशनचा) आलेख. मुले मेहनती आहेत, पण कोणत्या रुग्णासाठी हे चालले आहे, हे त्यांना कुणी सांगितलेले नसते. म्हणून माझी सूचना आहे, की विषय ठरण्याआधी विद्यार्थ्याने महिनाभर जवळच्या रुग्णालयाच्या वॉर्डात डॉक्टरांबरोबर फिरावे. औषध कुठे, किती दिवस हवे आणि नंतर त्या पदार्थाचे काय व्हावे, हे प्रबंधाचे पहिले पान मार्गदर्शक आणि डॉक्टर यांनी मिळून लिहावे. पुढच्या अधिवेशनातले एक पूर्ण सत्र अशा प्रबंधांसाठी राखून ठेवावे, असा ठराव मी मांडतो आणि सभेने त्यावर आजच चर्चा करावी, अशी विनंती करतो.