महाडची पेठ आणि रमजानचे दिवस



दासगावाहून महाडच्या बाजाराला जाणे ही दासगावकरांच्या दृष्टीने काही सांगण्यासारखी गोष्ट नव्हे. अंतर पाचेक मैलांचे, मुंबई-गोवा महामार्ग गावातूनच गेलेला, एस.टी. मिळाली तर एस.टी., नाही तर रिक्षा. परंतु रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत दासगावचे एखादे मुसलमान कुटुंब महाडच्या पेठेकडे निघते, तेव्हा त्या जाण्याला निराळाच रंग चढतो. घरचा कर्ता पुरुष बहुधा मुंबईत किंवा आखातात. पैसा त्याचा, पण बाजार करण्याचा अधिकार घरातील वडीलधाऱ्या बाईचा. बरोबर सून आणि दोन-तीन मुले. खजूर, शेवया, चारोळी, मुलांचे कपडे, सुनेच्या बांगड्या अशी यादी तोंडपाठ असते आणि ऊन उतरल्यापासून मगरिबच्या बांगेपर्यंतच्या दोन-अडीच तासांत ती उरकायची असते. घासाघीस चालते ती मराठीच्या कोकणी बोलीत. किराणा वाण्याकडून, कापड दुसऱ्याकडून, शिलाई तिसऱ्याकडे. रोजा धरलेल्या म्हातारीपुढे चहाचा पेला आणू नये, एवढे तारतम्य दुकानदाराला असते. त्यासाठी कोणी परिपत्रक काढावे लागत नाही.

ही पेठ आजची नव्हे. रायगडाच्या छायेत ती वाढली. वरंध घाटाने आणि पोलादपूरच्या बाजूने देशावरचा माल येथे उतरे आणि सावित्रीच्या पाण्यावरून बाणकोटकडे जाई. खालून भरतीबरोबर गलबते वर येत. या जलमार्गावर दासगाव हे मोक्याचे बंदर. १७५६ च्या करारानंतर बाणकोटबरोबर दासगावही इंग्रजांच्या हाती गेले, ते या बंदरामुळेच. तात्पर्य, महाडचा बाजार आणि दासगावचा धक्का ही एकाच व्यापाराची दोन टोके होती आणि त्या व्यापारावर हिंदू वाणी, मुसलमान तांडेल, हमाली करणारा महार-कुणबी असे सर्वांचेच पोट होते. पोट एकत्र असले म्हणजे मने एकत्र असतात असे मात्र नाही. ते कसे, हे याच पेठेने एका रमजानमध्ये दाखविले.

१९ आणि २० मार्च १९२७ या दोन दिवसांची आठवण महाराष्ट्र दरवर्षी करतो. बोले ठराव १९२३ चा. त्यानुसार महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये आपली सार्वजनिक ठिकाणे सर्वांना खुली केलेली. तरीही परिषदेसाठी जमलेल्या हजारो अस्पृश्यांना पिण्याचे पाणी स्पृश्यांकडून चाळीस रुपये मोजून विकत घ्यावे लागले. बाजाराचे तर्कशास्त्र येथे उघडे पडते. पाणी विकताना विटाळ आड आला नाही. तेच पाणी ओंजळीने घेऊ म्हटले, तेव्हा आला. २० तारखेला डॉ. आंबेडकरांच्या मागोमाग मिरवणूक पेठेतून चवदार तळ्यावर गेली, लोक पाणी प्यायले आणि परतले. मग वीरेश्वराच्या देवळात हे लोक शिरणार अशी आवई उठविण्यात आली, आणि मंडपात जेवत असलेल्या, गावोगाव परतू लागलेल्या माणसांवर लाठ्या चालल्या. त्या वेळी अनेकांनी आसरा घेतला तो मुसलमानांच्या घरांत.

एक बाब मात्र सहसा कोणी सांगत नाही. पंचांग आणि हिजरी कालगणना शेजारी ठेवून पाहिली तर १९२७ सालचा रमजान मार्चच्या पहिल्या आठवड्यात सुरू झालेला दिसतो. म्हणजे २० मार्च हा ऐन रमजानमधील दिवस. पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत पाण्याचा थेंबही न घेण्याचे व्रत ज्या वस्तीत पाळले जात होते, तिने पाणी प्यायल्याबद्दल मार खाल्लेल्या माणसांना घरात घेतले. इतिहासात असे योग क्वचित येतात.

डिसेंबरमधील परिषदेच्या वेळी पेठेने आणखी एक धडा दिला. मंडपाला जागा देण्यास स्पृश्यांपैकी कोणी तयार नव्हते. ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने दिली. महाडच्या व्यापाऱ्यांनी पाठ फिरविली, म्हणून धान्य-सामान बाहेरून आणावे लागले. २५ डिसेंबरला दुपारी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी उतरले ते दासगावच्या धक्क्यावर. तेथे वाट पाहत असलेला हजारोंचा जमाव पुढे पायी महाडला निघाला. म्हणजे जी वाट आज ईदच्या बाजारासाठी तुडविली जाते, तीच ही वाट. या सर्व खटपटीमागे राबणारे रामचंद्र बाबाजी मोरे यांचे बालपण दासगावातच गेले. पुढे ते कम्युनिस्ट झाले, पण महाडच्या मातीशी त्यांचे नाते सुटले नाही.

यावरून मुसलमान तेवढे उदार आणि हिंदू तेवढे कठोर असा सोपा निष्कर्ष कोणी काढू नये. महाडच्या नगरपालिकेचे सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे, मनुस्मृती दहनाचा ठराव मांडणारे सहस्रबुद्धे हे सवर्णच होते. उलटपक्षी कोकणातील खोतांत मुसलमान खोतही होते, आणि खंड वसूल करताना कुळाचा धर्म पाहून त्यांनी सूट दिली असे कोणी म्हणणार नाही. खोती नष्ट करण्याचे विधेयक डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मांडले, ते सर्व धर्मांच्या खोतांविरुद्ध. तरीही मार्चच्या त्या संध्याकाळी दार कोणी उघडले, हे नोंदविणे हा इतिहासाचा साधा प्रामाणिकपणा आहे.

दुकान बंद करणे, उधारी तोडणे, पाणी अडविणे ही जातिव्यवस्थेची जुनी हत्यारे. सत्याग्रहानंतर खेडोपाडी महारांवर बहिष्कार पडले ते याच मार्गाने. अलीकडच्या काही वर्षांत महाराष्ट्रातील सभा-मोर्चांतून अमुक धर्माच्या माणसाकडून खरेदी करू नका, अशी आवाहने उघडपणे होऊ लागली आहेत. त्यांचा पहिला फटका बसतो तो मोठ्या व्यापाऱ्याला नव्हे. हातगाडीवाल्याला, बांगडीवाल्याला, शिलाई यंत्रावर वाकलेल्या कारागिराला बसतो. आणि दासगावच्या म्हातारीने ईदची खरेदी महाडच्या वाण्याकडून करू नये असे कोणी तिकडून शिकविले, तर तो वाणीही त्यातून सुटत नाही. जुलै २०२१ च्या महापुरात ही पेठ बुडाली, माल कुजला, वह्या वाहून गेल्या. तेव्हा पाण्याने कोणत्या दुकानाचा धर्म विचारला नव्हता. त्यानंतर बाजार उभा राहिला तो गिऱ्हाईक परतले म्हणून.

२०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी २० मार्च पुन्हा रमजानमध्येच आला. चवदार तळ्यावर निळे झेंडे घेऊन आलेली कुटुंबे आणि ईदच्या खरेदीला आलेली कुटुंबे, दोघांचे मुक्कामाचे ठिकाण एकच गाव.

सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ मध्ये कायदा केला, २०१७ पासून तो अंमलात आहे. माणसे वाळीत टाकण्याच्या प्रकरणांसाठी रायगड जिल्ह्याचे नाव त्याआधी वारंवार घेतले जात होते, हे येथे सांगणे अगत्याचे आहे. परंतु तो कायदा एकाच समाजातील माणसाने त्याच समाजातील माणसावर घातलेल्या बहिष्कारापुरता आहे. एका समाजाने दुसऱ्या समाजाची दुकाने टाळावीत, या आवाहनाला तो पुरा पडत नाही. ही उणीव विधिमंडळापुढे नेण्याचे काम बाकी आहे, आणि त्या निवेदनावर पहिल्या सह्या महाडच्या पेठेतील दुकानदारांच्या आणि दासगावच्या गिऱ्हाइकांच्या घ्याव्यात.