सही कोण म्हणून करता ?



आता तुम्हांला सही करता येते. फार चांगले झाले. पण सहीसुद्धा अंगठ्याइतकीच माणसाला बांधते, बरं का ! म्हणून सही करण्याआधी एक गोष्ट पाहावी. ही सही आपण कोण म्हणून करतो आहोत ?

आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यावर १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाचे राज्य होते. कचेरीचे कागद उर्दूत असत. ज्याला ते कळत नसत, तो दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत बसे. आज बँकेच्या कागदावर इंग्रजी शब्द असतात. त्यांतले चार आज शिकू. हे चारही शब्द नावाच्या आणि सहीच्या जागेजवळ असतात.

पहिला शब्द विटनेस. विटनेस म्हणजे साक्षीदार. "अमक्याने माझ्यासमोर सही केली," एवढेच तो सांगतो. कर्ज फेडणे त्याच्याकडे येत नाही. पण कोर्टाने बोलावले तर पाहिले ते सांगावे लागते. म्हणून न पाहता साक्ष घालू नये.

दुसरा शब्द गॅरंटर. दुकानदार पंपाची गॅरंटी देतो. पंप बिघडला तर निस्तरायचे त्याने. तसेच हे. गॅरंटर म्हणजे जामीनदार. समजा, पाव्हण्याने ट्रॅक्टरसाठी ५ लाखांचे कर्ज काढले. तुम्ही जामीन राहिलात. त्याने हप्ते थकवले. आता बँक सरळ तुमच्याकडे पैसे मागू शकते. "आधी त्याच्याकडून वसूल करा," असे म्हणून सुटका होत नाही. करारात वेगळे लिहिले नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. १८७२ सालचा करार कायदा तसे सांगतो. तुम्ही भरलेले पैसे पाव्हण्याकडून मागता येतात. पण त्यापायी हेलपाटे तुम्हांलाच.

तिसरा शब्द को-बॉरोअर. को-ऑपरेटिव्ह सोसायटी तुम्हांला ठाऊकच आहे. त्यातल्या 'को'चा अर्थ 'सह'. बॉरोअर म्हणजे कर्ज घेणारा. दोन्ही मिळून झाला सहकर्जदार. भगिनींनो, इथे नीट लक्ष द्या. घरधन्याच्या कर्जावर तुमची अशी सही असेल, तर ते कर्ज तुमचेही झाले.

चौथा शब्द नॉमिनी. नॉमिनी म्हणजे नेमलेला माणूस. खातेदार वारला, तर बँक खात्यातले पैसे त्याच्या हाती देते. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. पैशांवर हक्क वारसांचा असतो. नॉमिनी स्वतःच वारस असेल, तर त्याचा वाटा त्याला मिळतोच. नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात.

आता मुख्य गोष्ट. कुणी घाईने म्हणेल, "अहो, नुसती साक्षीची सही आहे, करून टाका." तेव्हा भिडेला पडू नका. कागद हातात घ्या. सहीच्या जागेखालचा शब्द बोट ठेवून वाचा. तिथे विटनेस आहे की गॅरंटर, ते पाहा. कळले नाही, तर साहेबांना म्हणा, "मराठीत सांगा." त्यात लाज कसली ? मायक्रोफायनान्सच्या छोट्या कर्जाचा करार तर कर्जदाराला कळेल अशा भाषेतच हवा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

चार अक्षरे वाचायला एक मिनिट लागते. न वाचता केलेल्या सहीपायी शेत गहाण पडू शकते. म्हणून आधी शब्द वाचा, मग सही करा.