माळवदाखाली कोण झोपतं?

(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



बैठकीच्या विषयपत्रिकेत माझा विषय शेवटी होता, तो वर घ्या म्हणून मीच अध्यक्षांना विनंती केली. जेवणानंतर घरांविषयी बोलायला लागलो की निम्मी सभा झोपते, आणि मला आज झोपेविषयीच बोलायचं आहे.

२१ मार्च २०२४ ला पहाटे सहाच्या सुमारास हिंगोली जिल्ह्यात जमीन हलली. त्याच वर्षी १० जुलैला सकाळी पुन्हा हलली. दोन्ही वेळा भूकंप साडेचारच्या आसपासचा होता. नांदेड-परभणीकडेही भांडी वाजली. लोक रस्त्यावर आले, तासभर थांबले, चहा प्यायले आणि पुन्हा त्याच घरात गेले. मी सुद्धा गेलो. माझं घर मला माहीत होतं म्हणून गेलो. तुमचं तुम्हाला माहीत आहे का, एवढंच विचारायला उभा आहे.

मी इंजिनिअर नाही. किल्लारीच्या भूकंपानंतर घरं मजबूत करण्याचं जे काम निघालं त्यात चार वर्षं गवंड्यांबरोबर काढली. जे सांगतो ते तिथलं.

३० सप्टेंबर १९९३. गणपती बुडवून माणसं दमून झोपली होती. चार वाजायला चार-पाच मिनिटं असताना धक्का बसला. लातूर आणि तेव्हाचं उस्मानाबाद, आजचं धाराशिव, या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसं गेली. भूकंप होता ६.२ च्या आसपासचा. त्याच्या चार वर्षं आधी, ऑक्टोबर १९८९ मध्ये, अमेरिकेत कॅलिफोर्नियाला ६.९ चा झाला. म्हणजे आपल्यापेक्षा ताकदीने कित्येक पटींनी मोठा. तिथे ६३ माणसं मेली. जमीन तिथेही हललीच. फरक पडला तो डोक्यावर काय होतं आणि बाजूला काय होतं यानं.

डोक्यावर काय होतं त्याचा हिशेब करू. हिशेब आपल्याला जमतो, भाव दुसरा ठरवतो एवढंच. माळवदाचा दहा बाय दहा फुटांचा एक खण धरा. वर दोन फूट माती. दरसाल पावसाळ्याआधी गळू नये म्हणून आपण एक थर चढवतो, आजोबांनी चढवला, वडिलांनी चढवला, जुना कोणी काढला नाही. दोनशे घनफूट माती झाली. एक घनफूट म्हणजे पन्नास किलोच्या घरात. दहा टन! शंभर क्विंटल सोयाबीनची थप्पी लावा आणि तिच्याखाली लेकराला झोपवा, असं कोणी सांगितलं तर आपण त्याला वेड्यात काढू. माळवदाखाली मात्र चार पिढ्या झोपलो.

आता बाजूला काय होतं? दोन-अडीच फूट जाडीची दगडी भिंत. वाडवडील म्हणायचे, जाड तेवढी मजबूत. चोरापुरतं आणि उन्हापुरतं ते खरं होतं. पण ती भिंत एक नसतेच. बाहेरून एक थर, आतून एक थर, आणि मधल्या पोकळीत चिपा आणि माती. दोन्ही थरांना धरून ठेवणारा लांब आरपार दगड घालायचा असतो. तो घडवायला वेळ लागतो, पैसे लागतात, म्हणून गवंडी घालत नाही आणि आपण विचारत नाही. जमीन हलली की मधला भराव खाली बसतो, दोन थर एकमेकांना सोडतात, एक अंगणात पडतो, एक अंथरुणावर. किल्लारी भागात असंख्य घरांत सागवानी खांब उभेच्या उभे राहिले होते आणि भिंतींनी माणसं पुरली होती.

लोक म्हणतात, आपल्याकडे भूकंप येत नाही. किल्लारीचा परिसर १९९३ साली सरकारी नकाशात सगळ्यांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२ साली नकाशा बदलला आणि तो भाग तिसऱ्या पट्ट्यात गेला. आधी भूकंप आला, मग नकाशा आला. कोयनेलाही ११ डिसेंबर १९६७ च्या आधी असंच म्हणत होते.

तर घर तपासायचं कसं? त्याला सरकारी माणूस लागत नाही. ओळंबा घ्या. भिंतीला वरून सोडा. भिंत ओळंब्याला मध्येच भिडत असेल तर भिंतीनं पोट काढलं आहे, दोन थर सुटायला लागले आहेत. असली भिंत कोणत्याही दिवशी, नुसत्या पावसानेही पडेल. कोपऱ्यात बघा, दोन भिंती जिथे मिळतात तिथे वरून खाली उभी चीर गेली आहे का? म्हणजे भिंती एकमेकींपासून मोकळ्या झाल्या. न्हाणीचं पाणी मुरतं तिकडचा पाया चाचपून बघा, माती हाताला येते का. आणि एका जागी एक-दोन दगड हलक्या हाताने काढून आत डोकवा. आत नुसता चुरा दिसला तर बाकी काही विचारायला नको. एका गोष्टीला मी सगळ्यांत जास्त भितो. मातीत बांधलेल्या जुन्या दगडी भिंतीवर नवा स्लॅब टाकतात. स्लॅब पडला म्हणजे घर पक्कं झालं ही समजूत आहे. खालची भिंत तीच, वर वजन नवं. पत्र्याचं छत हलकं, ते बरं, पण उडू नये म्हणून ठेवलेले धोंडे आधी खाली येतात. आणि पत्रा भिंतींना बांधून ठेवत नाही, हेही ध्यानात ठेवा.

उपाय सांगतो. घर पाडायचं नाही. आधी माळवदाची माती उतरवा. सहा-आठ इंच ठेवा, बाकीची शेतात टाका. गळेल म्हणून भीती वाटते ना? मधे शेततळ्याला वापरतो तसला जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरा, उतार नीट काढा. याला मजुरी सोडली तर फार खर्च नाही, आणि दहा टनांचे अडीच ते सव्वातीन टन होतात. निम्म्याहून अधिक काम इथेच झालं असं मी मानतो.

मग लाकूड. खाटेचा पाया ढिला झाला की खाट डुलते, तसे हे खांब डुलतात. खांब आणि तुळई जिथे भेटतात तिथे तिरपे टेकू बोल्टने आवळा.

मग भिंत. तिला आरपार दगड नाही तर आता घालता येतो. भिंतीतले दगड एकेक करून काढत आरपार भोक पाडायचं. पहारीने हळू, घण अजिबात नाही, घणाने उरलेली भिंतही सुटते. त्यात दोन्ही टोकांना आकडा केलेली सळई ठेवून काँक्रीट भरायचं आणि आठवडाभर पाणी मारायचं. दर तीन-चार फुटांवर एक, उभं आणि आडवं. पोट आलेला भाग मात्र उतरवूनच पुन्हा बांधावा लागतो. शेवटी पट्टा. दाराच्या वर किंवा छताच्या खाली, चारी भिंतींना फिरवून वीतभर रुंदीची वेल्ड केलेली तारजाळी, सळया, त्यावर सिमेंटचा जाड गिलावा, आतून आणि बाहेरून, आणि दोन्ही बाजू आरपार जोडलेल्या. कडब्याच्या पेंढीला आळा घालतो तसा. आळा एका बाजूने तोडला तर पेंढी सुटते, म्हणून पट्टा कोपऱ्यावर कुठेही तुटू देऊ नका. गवंडी म्हणेल समोरच्या बाजूला पुरे. ऐकू नका.

आता जे सांगायला आलो ते. १९९३ नंतर बावन्न गावं नव्या जागी उठवली. तिथे घरंसुद्धा जमिनीच्या मापाने मिळाली. भूमिहीनाला आणि हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला अडीचशे फूट, सात हेक्टरपर्यंत साडेचारशे, त्यावर साडेसातशे. त्यावर बोलायला वेगळी सभा लागेल. पण त्याहून कितीतरी जास्त, लाखांनी घरं अशी होती की ती जागेवरच दुरुस्त आणि मजबूत करायची होती. पैसे हप्त्याने मिळाले. बहुतेकांनी जुनं घर मजबूत केलंच नाही. त्या पैशातून शेजारी विटा-सिमेंटची एक खोली बांधली. मी दोष देत नाही. आयुष्यात पहिल्यांदा हातात घरासाठी रोख आली, ती जुन्या भिंतीत भोकं पाडायला कोण घालवील? मीही तेच केलं.

पुढं काय झालं ते सांगतो. नव्या खोलीत उंदीर शिरत नाही, ओल येत नाही. म्हणून पहिल्या वर्षी बियाणं तिथे गेलं. मग खताची पोती, मग विकायचा राहिलेला माल, भाव येईपर्यंत. आणि आई-वडील जुन्याच माळवदाखाली झोपत राहिले, तिथे गार वाटतं म्हणून. माझे वडील २००१ साली भूजच्या बातम्या ऐकत होते. तेरा हजारांवर माणसं गेली होती तिथे. रेडिओ बंद करून मला म्हणाले, "पोती सुखरूप आहेत ना रे?"

त्या उन्हाळ्यात मी माळवद उतरवलं. एकवीस गाड्या माती निघाली. गडी आणि आम्ही दोघं भाऊ, नऊ दिवस लागले. भिंतीला आळा घालायला पुढची तीन वर्षं गेली, जसे पैसे आले तसं. म्हणून म्हणतो, सगळं एकदम होत नसेल तर जिथे माणसं झोपतात तो एक खण आधी करा. तेवढंही होत नसेल तर आज रात्री पोती आणि खाटा यांची अदलाबदल करा. त्याला कर्ज लागत नाही.

गावातल्या शाळेच्या जुन्या खोल्या, चावडी, समाजमंदिर यांचं काय? तिथे दुपारी आपलीच पोरं असतात. येत्या ग्रामसभेत नुसती मागणी नको, यादी ठेवा. कोणती खोली, कोणत्या भिंतीला पोट, कोणत्या कोपऱ्यात चीर, ओळंबा किती बोटं सुटला. इतिवृत्तात लिहून घ्या आणि नक्कल मागा. तोंडी बोललेलं वाऱ्यावर जातं.

मायबहिणींना एक विनंती. भिंत कुठे ओली असते, रात्री कुठून माती गळते, हे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. तपासताना पुढे तुम्ही चला.

मी ओळंबा आणला आहे. या मंगल कार्यालयाच्या मागे जुनं माळवद आहे, मालकांची परवानगी घेतली आहे. जेवणं झाली की ज्यांना बघायचं त्यांनी या. भिंतीला टेकून मात्र उभं राहू नका, सकाळी मी बघून आलो आहे.